निळ्या उजेडाचे माप

आमच्या दिवाणखान्यात जेथे वडिलांचे लिहिण्याचे मेज असे, तेथे २०२० च्या अखेरीपासून समुद्र आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, एवढाच. गणिताने त्यात १९० लिटर पाणी मावावे. परंतु दगड आणि वाळू वजा जाता दीडशे लिटरांच्या आसपासच भरते. दर लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५, उष्णतामान २५ ते २६ अंश. हा समुद्र आमच्या नातवाने घडविला आणि २०२२ च्या सप्टेंबरात पुढील शिक्षणासाठी जर्मनीस निघताना आमच्या स्वाधीन केला. सोबत एक वही दिली. कोणत्या वारी काय करावयाचे, हे तीत इतक्या बारकाईने लिहिले होते की आमच्या घराण्याच्या कुळाचाराच्या वहीतही तेवढा तपशील सापडणार नाही. ‘पाणी आटले तर साधे गोडे पाणी घालावे, मिठाचे नव्हे, पाणी उडून जाते, मीठ जात नाही,’ हे वाक्य त्याने दोनदा लिहून अधोरेखित केले होते. पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसास हे सांगावे लागते असे त्यास वाटले, याचा आम्हांस थोडा राग आला होता. पुढे जे घडले ते पाहता त्याने आणखी काही वाक्ये अधोरेखित करावयास हवी होती.

या वेडाचे मूळ आमच्याकडेच आहे. २००९ साली, नातू दहा वर्षांचा असताना, आम्ही त्यास जामनगरच्या बाजूस नराऱ्याला नेले होते. कच्छच्या आखातातील हा प्रदेश १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीस पाणी मागे हटले की तेथे घोट्याएवढ्या पाण्यातून पायी चालत प्रवाळांपर्यंत जाता येते. बोट लागत नाही, बुडी मारावी लागत नाही. वाटाड्या पाण्यात हात घालून कधी फुगणारा मासा दाखवितो, कधी दगडाच्या रंगाचा आठ पायांचा प्राणी. नातवाने त्या दिवशी एका प्रवाळापाशी उकिडवे बसून विचारले होते, ‘आजोबा, हा दगड आहे की झाड?’ आम्ही म्हटले, ‘प्राणी.’ त्याचा विश्वास बसला नाही. खरे म्हणजे तीनही उत्तरे थोडथोडी बरोबर होती, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

बडोदेकरांचा त्या किनाऱ्याशी संबंध जुना आहे. आखाताच्या तोंडाशी असलेले ओखामंडळ बडोदे राज्यात मोडत असे, आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाने तेथील सागरी जीवांवर बडोदे सरकारासाठी अहवाल सिद्ध केला. त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या राज्याची राजधानी समुद्रापासून इतकी आत, त्याने किनाऱ्यावरील शंखशिंपल्यांची आणि प्रवाळांची नोंद करून ठेवावी, हे आम्हांस नेहमीच कौतुकाचे वाटत आले आहे. दिवाणखान्यात समुद्र ठेवण्यास जेव्हा घरातून विरोध झाला तेव्हा आम्ही महाराजांचा हा दाखला दिला. सौ.ने तो फेटाळून लावला. महाराजांच्या घरी फरशी पुसावयास माणसे होती, असे तिचे म्हणणे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. नराऱ्यातील किंवा भारताच्या कोणत्याही किनाऱ्यावरील प्रवाळ उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. २००१ मध्ये खडक घडविणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे त्या दिवसापासून ते वाघाच्या पंक्तीस बसले. आमच्या पेटीत आहेत ते त्यांचे बिनहाडाचे भाऊबंद. छत्रीसारखे पसरणारे, ज्यांना शौकीन लोक मशरूम म्हणतात. बटणाएवढ्या फुलांचे झुपके करून राहणारे झोअँथिड. आणि चामड्यासारख्या देहाचे एक लेदर कोरल. हे दगड रचीत नाहीत. दुसऱ्या शौकिनांच्या पेट्यांत वाढलेल्यांचे तुकडे घेऊन नातवाने ते वाढविले. नारिंगी झोअँथिडांचा एक झुपका तर त्याने तीन फुलांपासून चाळिसांपर्यंत नेला होता. ही चाळीस फुले वाचकांनी लक्षात ठेवावीत.

आमच्या आईच्या गळ्यात पोवळ्यांची माळ असे. मंगळाची शांती म्हणून अंगठीत जे बसवितात तेच हे पोवळे. ते लाल पोवळे भूमध्य समुद्रात, अंधाऱ्या कपारींत वाढते आणि त्यास उजेडाची गरज नसते. पेटीतील या मंडळींचे तसे नाही. यांच्या कातडीच्या आत, पेशींमध्ये, सूक्ष्म शैवाले वस्तीस असतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानास देतात. यजमान त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरवितो. प्राणी हा प्राणीच. परंतु त्याच्या पोटातली बाग झाडाची, आणि खडक घडविणारा असेल तर पायाखाली दगड. त्या दहा वर्षांच्या पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता. परक्या घरी वस्तीस यावे, त्या घराचे अन्न शिजवावे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहावे, ही व्यवस्था आपल्यासारख्या घराण्यांस समजावून सांगावी लागत नाही. मात्र ही उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. शैवाले साहित्य संमेलने भरवीत नाहीत.

तात्पर्य, या प्राण्यांना दिवा हा शोभेसाठी नसतो. दिवा म्हणजे त्यांचे जेवण.

नातवाने जो दिवा लावला होता तो २५० वॉटचा मेटल हॅलाइड, जुन्या बाजारातून घेतलेला. त्याचा उजेड सुंदर. पाण्याच्या तळाशी उन्हाची जाळी नाचावी तशी नाचे. परंतु आठ तास लावला की रोज दोन युनिटे जात, आणि त्याची धग थेट पाण्यावर उतरे. बडोद्याच्या मे महिन्यात ज्या खोलीत माणूस तळतो तेथे असा दिवा पेटवून पाणी २६ अंशांवर राखणे म्हणजे सोवळ्यात राहून भट्टी चालविण्यासारखे होते. आम्ही बर्फाने भरलेल्या बाटल्या पाण्यात सोडीत असू. २०२३ च्या मे महिन्यात त्या दिव्याचा चोक जळाला आणि तो कायमचा विझला.

तयार एलईडी दिव्याची चौकशी केली. परदेशी बनावटीचा, नावाजलेला दिवा चाळीस हजारांच्या घरात जात होता. नातू फोनवर म्हणाला, ‘आजोबा, मी थोडे पैसे पाठवतो.’ शिक्षणासाठी कर्ज काढून परदेशी राहणाऱ्या मुलाने आजोबांना दिव्यासाठी पैसे पाठवावेत, ही कल्पना आम्हांस सहन झाली नाही. आम्ही म्हटले, ‘दिवा आम्ही करू.’ तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘करा, पण मला विचारून करा.’ दिवा तयार होईपर्यंत आम्ही पेटीवर साध्या ट्यूबलाइटच्या दोन नळ्या टांगल्या. त्या मिणमिणत्या उजेडात प्रवाळांनी चार आठवडे काढले.

दिवा करण्याचे काम मात्र फार आनंदाचे झाले. आमच्या नोकरीच्या प्रारंभी प्रयोगशाळेत लाल एलईडी येऊन पोहोचले होते, त्यामागून हिरवे आले. निळा कोणी पाहिला नव्हता. लखलखीत निळा एलईडी १९९३ च्या सुमारास जपानात शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना, अकासाकी आणि अमानो यांच्यासह, २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी जे पांढरे एलईडी लागतात त्यांच्याही पोटात निळाच दिवा असतो. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो आणि निळे-पिवळे मिळून डोळ्यास पांढरे भासते. समुद्रातही निळ्याचेच राज्य आहे. पाणी प्रथम तांबडा उजेड गिळते; दहा मीटर खाली गेले की तांबडे जवळपास संपते, आणि निळा सर्वांत खोल जातो. प्रवाळांच्या पोटातील शैवाले त्या निळ्यावर जगावयास शिकलेली आहेत. म्हणून बारा एलईडी पांढरे आणि बारा निळे, ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचे, असा आमचा बेत ठरला.

चोवीस एलईडी मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून भाच्याने आणले, साठ रुपयांस एक. त्यांना प्रवाह पुरविणारे दोन ड्रायव्हर, साडेचारशेस एक. हीट सिंक नवा घेतला असता तर सर्व काटकसर वाया गेली असती. तो भंगारात मिळाला. कोणत्या तरी मोठ्या ध्वनिवर्धकाच्या पाठीवरचा, पन्हळी पन्हळीचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, ४ किलो २०० ग्रॅम, किलोस १८० रुपये. भंगारवाला आम्हांस ओळखतो. ‘काका, आ शेना माटे?’ त्याने विचारले. माशांच्या पेटीसाठी, असे म्हटल्यावर त्याने तो पुन्हा एकदा तोलून पाहिला. मासे खातात काय हे, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. दोन लहान पंखे, थर्मल पेस्ट, वायर, स्क्रू आणि वर येणाऱ्या खाऱ्या तुषारांपासून आडोसा म्हणून अ‍ॅक्रिलिकचे एक तावदान. सर्व मिळून ३,८५० रुपये झाले. तेव्हाचा कागद अजून आमच्याकडे आहे.

अ‍ॅल्युमिनियममध्ये भोके पाडून आटे पाडण्यास दोन दिवस गेले. एलईडीची उष्णता दिव्याच्या उजेडाबरोबर समोर जात नाही. ती मागल्या बुडातून बाहेर पडते. दिलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेतच जातो, आणि ती तत्काळ ओढून घेतली नाही तर दिवा स्वतःच्याच तापाने मरतो. म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी पेस्टचा पातळ, सलग थर द्यावा लागतो. एका ठिकाणी आमचा थर नीट बसला नाही. पहिल्याच संध्याकाळी तो एलईडी गेला आणि त्यासह निळी रांग संपूर्ण विझली. बारा जण एकामागे एक जोडलेले, एकाच्या प्रवाहावर दुसरा अवलंबून. लहानपणी दिवाळीच्या तोरणातील एक दिवा गेला की सर्व माळ अंधारे आणि वडील एकेक दिवा फिरवून पाहत बसत, त्याची आठवण झाली. प्रत्येकास साधारण ३.४ व्होल्ट, म्हणजे बारांस सुमारे ४१. प्रवाह ७०० मिलिअँपियर. साध्या बल्बास दाब थोडा वाढला तरी चालते. एलईडीस दाब किंचित वाढला की प्रवाह एकदम उसळतो. म्हणून ड्रायव्हर दाब नव्हे तर प्रवाह स्थिर ठेवतो. हे सर्व सौ.ला समजावून सांगत आम्ही नवा एलईडी डाख देऊन बसविला. तिने शेवटी एवढेच विचारले की खाली खारे पाणी आणि वर वीज, मध्ये कोण? विचारणे योग्य होते. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले आणि त्या बोर्डास ईएलसीबी बसविला.

१५ जून २०२३ रोजी दिवा लागला. दोन्ही रांगा मिळून साठ वॉटही जात नव्हते, आणि पाणी थंड राहिले. आम्ही नातवास कळविले. तो हर्षभरित झाला, आणि मग त्याने विचारले, ‘किती उंचीवर लावलात?’ आम्ही सांगितले, फुटावर. ‘सध्या तेथेच राहू द्या,’ तो म्हणाला.

राहू द्यावयास हवा होता. परंतु निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी आम्हांस एक लक्समीटर भेट दिला होता. उजेड मोजावयाचे हे यंत्र कपाटात पडून होते. आम्ही ते काढले. नुसत्या पांढऱ्या रांगेखाली पाण्याच्या पृष्ठभागाशी ९,००० लक्स भरले. नुसत्या निळ्या रांगेखाली १,१००. आठास एक! डोळ्यांनाही निळा उजेड मंदच दिसत होता. आम्ही अनुमान काढले की निळे एलईडी हलक्या प्रतीचे आले आहेत, आणि ज्या उजेडावर ही मंडळी जेवतात त्याचीच टंचाई आहे. मग निळ्या दिव्यांवर साठ अंशांची भिंगे बसविली आणि दिवा फुटावरून सहा इंचांवर आणला. आकडा तीन हजारांपर्यंत चढला. तरी तो पांढऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच होता. म्हणून वेळ आठ तासांवरून दहा तासांवर नेला. नातवास विचारले नाही. त्यास परीक्षा होत्या, असे आम्ही स्वतःस सांगितले.

तिसऱ्या दिवशी मशरूमनी अंग आखडून घेतले. पाचव्या दिवशी ते फिके झाले. झोअँथिडांची फुले उमलेनाशी झाली. लेदर कोरल मिटून त्यावर मेणासारखी साय आली. परंतु ते अधूनमधून अशी साय टाकतेच, असे वहीत लिहिले होते, आणि आम्ही त्या वाक्याचा आधार घेऊन बाकीच्यांकडे पाहण्याचे टाळले. आठव्या दिवशी मशरूम पांढरे होते. पांढरे म्हणजे उजळ नव्हे. दुधाच्या दातासारखे, आरपार.

यास इंग्रजीत ब्लीचिंग म्हणतात. उजेड झेपेनासा झाला की शैवालांच्या कारखान्यात प्राणवायूची विषारी रूपे तयार होऊ लागतात आणि यजमान त्यांना बाहेर घालवितो. समुद्रात हे प्रामुख्याने पाणी तापल्याने होते आणि प्रखर ऊन त्यात भर घालते. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभरचे प्रवाळ असे पांढरे पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी अशा चौथ्या जागतिक संकटाची घोषणा केली. पांढरा झालेला प्रवाळ तत्काळ मरत नाही. तो उपाशी असतो. काही आठवड्यांत शैवाले पुन्हा वसली तर तो जगतो.

त्या रविवारी नातवाने छायाचित्र मागितले, आणि आम्ही त्यास मार्चमधील एक जुने पाठविले.

हे लिहिताना हात थबकला आहे, परंतु लिहिणे भाग आहे. आम्ही आयुष्यात विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासल्या. न घेतलेली निरीक्षणे कोणी भरली तर आम्ही ती पाने फाडून पुन्हा लिहावयास लावीत असू. त्याने छायाचित्र पाहून ‘छान’ एवढेच लिहिले. पुढील रविवारी पुन्हा मागितले. आम्ही पुन्हा जुने पाठविले. त्यानंतर दोन दिवसांनी रात्री फोन आला. ‘आजोबा,’ तो म्हणाला, ‘तुमच्या फोटोत काचेवर एकच दिवा दिसतोय. तुमच्या दिव्यात चोवीस आहेत ना?’

आम्ही सर्व सांगितले. आकडे सांगितले, भिंगांचे सांगितले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते. तो म्हणाला, ‘आजोबा, लक्समीटर माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला असतो.’

या एका वाक्याने आमची पस्तीस वर्षे आमच्यासमोर उभी राहिली. हा आलेख आम्ही फळ्यावर काढलेला होता. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या उजेडास सर्वाधिक दाद देतो. ४५० च्या निळ्यास त्याच्या चार शतांशही नाही. लक्स हे माप याच आलेखावर बेतलेले आहे. एका वॉटचा हिरवा उजेड ६८३ ल्युमेन भरतो. तेवढ्याच ऊर्जेचा आमचा निळा जेमतेम २६. यंत्र खोटे बोलत नव्हते. डोळ्यास हा उजेड किती दिसेल एवढेच ते सांगत होते, आणि पेटीत डोळे कोणासच नव्हते. शैवाले कण मोजतात. त्यांच्या पानात आम्ही पहिल्या दिवसापासून पुरेसे वाढले होते, आणि मग तीनदा आग्रह करून वाढले. त्यातही ट्यूबलाइटच्या उजेडात चार आठवडे काढून ती कमी उजेडास सरावलेली होती. उपवासानंतरचा हा पंक्तिप्रपंच होता.

नातू म्हणाला, ‘भिंगं काढा, दिवा वर घ्या, आणि उजेड कमी करा.’ आमच्या ड्रायव्हरांस उजेड कमी करण्याची सोय नव्हती, स्वस्तातले होते. फोन ठेवून आम्ही बसून राहिलो. सौ. आतून सर्व ऐकत होती. ती म्हणाली, ‘अहो, वाफ्यातलं रोप कुंडीत लावलं की पहिले आठ दिवस तुम्ही ते उन्हात ठेवता का?’ आणि माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढून तिने तिचे सहा तुकडे बेतले.

त्या रात्री दिवा पुन्हा फुटावर गेला, भिंगे निघाली आणि तावदानावर मच्छरदाणीचे सहा थर पसरले गेले. थरामागे उजेड किती अडतो हे आम्ही मोजले. या कामी लक्समीटर पूर्ण विश्वासाचा ठरला, कारण येथे त्याच उजेडाची तुलना त्याच उजेडाशी होती. एक थर साधारण पाचवा हिस्सा अडवितो. सहा थरांखाली चौथाईच्या किंचित वर उरतो. दर सोमवारी एक थर काढावयाचा, असे ठरले. प्रवाळ आखडलेले दिसले तर तो सोमवार सोडावयाचा. असे दोन सोमवार सुटले.

नातवास आता रोज छायाचित्र जाई, तारखेच्या वर्तमानपत्रासह. ते त्याने मागितले नव्हते.

नारिंगी झोअँथिडांची चाळीस फुले वाचली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तो झुपका विरघळू लागला. झोअँथिडांच्या काही जातींत प्राणघातक विष असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा चढवून आम्ही तो दगड बाहेर काढला. फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, ‘एक तरी फूल?’ आम्ही भिंगाने पाहिले होते. नव्हते.

बाकीचे हळूहळू परतले. मशरूमना प्रथम आला तो त्यांचा निळा रंग नव्हे, तर शैवालांचा तपकिरी. चहाच्या डागासारखा तो रंग पाहून आम्ही सौ.ला स्वयंपाकघरातून ओढून आणले. ऑगस्टअखेर शेवटचा थर निघाला तेव्हा लेदर कोरलाने आपली सर्व बोटे पसरली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर घरी आलो, आणि संध्याकाळी दिवाणखान्यात पाऊल ठेवताच दारातच उभे राहिलो. पेटीतून जो निळा बाहेर येत होता तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. गाभ्यात जांभळट, बोचरा, जवळजवळ आवाज करणारा. वय वाढते तसे डोळ्याचे नैसर्गिक भिंग पिवळे पडते आणि निळा उजेड वाटेतच अडविते. आम्ही उजवा डोळा झाकला. डाव्या, जुन्या डोळ्याने पाहिले तर तोच दिवा राखेतल्या निखाऱ्यासारखा मंद. उजवा उघडला, पुन्हा तो प्रखर निळा. म्हणजे जूनमध्ये आम्ही जो उजेड अपुरा ठरविला तो सर्वसामान्य माणसाच्या मापानेही नव्हे. एका म्हाताऱ्याच्या पिवळ्या काचेतून पाहून ठरविला होता. वर यंत्राचीही साक्ष काढली होती. स्टुलावर बसून आम्ही बराच वेळ कधी हा, कधी तो डोळा झाकून पाहत राहिलो. सौ.ने औषधाच्या थेंबांची वेळ झाल्याचे दोनदा सांगितले.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी पुढच्या वर्षी करू म्हटले. आम्ही ती आणखी थोडी लांबविली, याचे कारण त्यांना सांगितले नाही. पहिले असे दोन डोळे एकाच वेळी फार थोड्या दिवसांसाठी मिळतात.

नातू २०२४ च्या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी आला. सामान दारात ठेवून प्रथम पेटीपाशी गेला, खाली वाकला, मग दिव्यावर हात धरून त्याची धग पाहिली, आणि मागे पंख्यांच्या फटीत बोट घालून मिठाची पांढरी पुटे खरवडली. ‘दर महिन्याला पुसा हे,’ तो म्हणाला. झोअँथिडांची रिकामी जागा त्याने पाहिली. निघण्यापूर्वी दोन दिवस तो एका शौकिनाकडून डब्यात तीन फुले घेऊन आला, नारिंगीच. ती त्याने तळाशी, कोपऱ्यातल्या सावलीत चिकटविली, आणि मच्छरदाणीचा तुकडा मागितला.

तुकडे सौ.च्या कुंड्यांवर होते. कढीलिंबाची रोपे नुकतीच लावली होती. तिने दोन दिले, चार ठेवून घेतले.